मुक्या पाहुण्यांचे ताट

बेळगावच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या आसऱ्याला येळ्ळूर गाव वसले आहे. मृगाच्या सरी कोसळू लागल्या की येथील भातशेतीला जाग येते. वाफ्यांत पाणी उभे राहते, खेकडे बिळांतून डोकावतात, डबक्यांत बेडकांची पिले वळवळू लागतात आणि साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या खालीवर करतात. ओढ्यातील मासा या दिवसांत काय खातो, असे शेतकऱ्याच्या पोराला विचारले तर तो हसून म्हणेल, "जे मिळेल ते! आज अळी, उद्या शेवाळ, परवा गांडूळ." या साध्या उत्तरात एक मोठे शास्त्र दडलेले आहे, आणि त्याविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

कारण असे की, अलीकडे आपल्या खेड्यापाड्यांतील घरांतही काचेची पेटी येऊन बसली आहे. पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली किंवा टीव्हीशेजारी ती मांडलेली असते, आणि तीत रंगीबेरंगी मासे फिरत असतात. मुले हट्ट धरतात, वडील बेळगावच्या बाजारातून एखादा ऑस्कर, एखादी एंजलची जोडी, नाहीतर कपाळावर उंचवटा असलेला फ्लॉवरहॉर्न घेऊन येतात. दुकानदार एक डबी देतो. त्या डबीतील त्याच गोळ्या मग सकाळ-संध्याकाळ पाण्यात पडत राहतात. डबी संपली की भाताची शिते, चपातीचा तुकडा, बिस्किटाचा चुरा, जे हाताशी येईल ते पडते. काही महिन्यांनी माशाचा रंग उतरतो, पोट फुगते, कपाळावर खड्डे पडतात आणि एके दिवशी तो उताणा तरंगताना दिसतो. मूल रडते. आई म्हणते, "त्याचे दिवस भरले." वस्तुतः पुष्कळदा दिवस भरलेले नसतात, ताट चुकलेले असते.

हे कुळ आपल्या ओळखीचे आहे

वर ज्यांची नावे घेतली ते तिन्ही मासे एकाच कुळातील आहेत. शास्त्रज्ञ त्या कुळाला सिक्लिड म्हणतात. नाव परके वाटले तरी कुळ परके नव्हे. आपल्या वाचकांपैकी ज्यांचे आप्त गोव्यात आहेत, त्यांनी काळुंदर नावाचा चपटा, खवल्यांवर मोत्यांसारखे ठिपके असलेला मासा तळून खाल्लाच असेल. खाजनांच्या व खाड्यांच्या मचूळ पाण्यात वाढणारा हा काळुंदर अस्सल भारतीय सिक्लिड होय. १७९० साली ब्लॉख या जर्मन पंडिताने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. केरळात त्यालाच करिमीन म्हणतात, आणि २०१० साली त्या राज्याने त्याला राज्यमाशाचा मान दिला.

आपल्या तळ्यांतील चिलापी, म्हणजे तिलापिया, हाही याच कुळातला. तो मात्र मूळचा आफ्रिकेचा. १९५२ साली तो आपल्या देशात आणला गेला. त्याच्या खाण्याला धरबंध नाही. शेवाळ, गाळ, किडे, इतर माशांची अंडी, काहीही त्याला चालते, आणि म्हणूनच तो जेथे गेला तेथे पसरला व देशी माशांना डोईजड झाला. पेटीतील मासा नकोसा झाला म्हणून तो गावच्या तळ्यात किंवा मार्कंडेय नदीत सोडू नये, हा धडा चिलापीनेच आपल्याला दिला आहे.

आणि या कुळाचा एक नातलग तर शुभवर्तमानाच्या भूमीत राहतो. गालीलच्या सरोवरात 'संत पेत्राचा मासा' म्हणून जो यात्रेकरूंच्या पानात वाढला जातो, तो तिलापियाचा भाऊबंद आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात मंदिराच्या कराची हकिकत आली आहे. प्रभू येशू पेत्राला सरोवरावर जाऊन गळ टाकावयास सांगतो आणि पहिल्या माशाच्या तोंडात नाणे सापडते. परंतु त्या सरोवरावरील कोळ्यांच्या जुन्या रीतींचा अभ्यास करणाऱ्यांनी एक मार्मिक शंका काढली आहे. संत पेत्राचा म्हणून दाखविला जाणारा हा मासा पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म जिवांवर जगतो. गळाच्या आमिषाकडे तो सहसा फिरकत नाही, त्याला जाळ्यानेच धरावे लागते. तेव्हा पेत्राच्या गळाला लागलेला मासा दुसऱ्या जातीचा, बहुधा मिशा असलेला व आमिष गिळणारा, असावा असे ते म्हणतात. या शंकेने श्रद्धेला बाध येत नाही. मात्र आपल्याला हवा तो धडा तिच्यातून मिळतो: माशाचे तोंड ओळखल्यावाचून माशाला काही देता येत नाही.

दोन जबड्यांची देणगी

सिक्लिडांच्या तोंडाची रचना पाहिली म्हणजे निर्मात्याच्या कौशल्याने मन थक्क होते. या माशांना जबड्यांच्या दोन जोड्या असतात. एक आपल्याला दिसणारी, तोंडातील. आणि दुसरी घशात लपलेली. घशातील जबडा अन्न चिरडतो, दळतो, आत लोटतो. चावण्याचे काम असे मागे सोपविलेले असल्यामुळे पुढचे तोंड निरनिराळ्या कामांसाठी घडत गेले. आफ्रिकेतील मलावी सरोवरात या कुळाच्या कित्येक शेकडो जाती आहेत. कोणी खडकावरचे शेवाळ खरवडतात, कोणी वाळू गाळून त्यातील कृमी वेचतात, कोणी गोगलगाई फोडतात, तर कोणी लहान माशांची शिकार करतात. तांगानिका सरोवरातील एक जात तर इतर माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून जगते. तिच्यातील काही माशांचे तोंड डावीकडे वळलेले, तर काहींचे उजवीकडे.

जसे तोंड, तशी आतडी. शेवाळ खाणाऱ्याचे आतडे लांबलचक, अंगाच्या कित्येक पट असते. कारण वनस्पती सावकाश पचते. मांस खाणाऱ्याचे आतडे आखूड असते. गाईला मटण व वाघाला कडबा घालणारा गोठेवाला आपण पाहिलेला नाही. परंतु काचेच्या पेटीत मात्र नेमके हेच नकळत घडत असते.

म्हणून प्रथम आपल्या घरचा पाहुणा कोण, हे ओळखावे. ढोबळ मानाने तीन वर्ग करता येतील.

पहिला वर्ग शेवाळखाऊंचा. दुकानात 'मलावी' म्हणून विकले जाणारे, खडकांत राहणारे निळे-पिवळे मासे बहुतेक या वर्गात येतात. त्यांना हिरवे अन्न अधिक हवे. मांसाचा व चरबीचा मारा झाला तर त्यांचे पोट फुगते, ते खाणे टाकतात आणि थोड्या दिवसांत दगावतात. या दुखण्यास मलावी ब्लोट म्हणतात आणि चुकीचा आहार हे त्याचे एक मोठे निमित्त मानले जाते.

दुसरा वर्ग मांसाहाराकडे झुकणाऱ्यांचा. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न व एंजल हे त्यातले. कोळंबी, किडे, गांडुळे ही त्यांची आवड. परंतु तेही केवळ मांसावर जगत नाहीत. ऑस्कर रानात फळे व बियाही खातो. १९९० च्या दशकात मलेशियात संकराने निपजलेल्या फ्लॉवरहॉर्नच्या कपाळाचा उंचवटा अमुक गोळ्यांनी वाढतो, अशी जाहिरात असते. तो उंचवटा मुख्यतः वंशाने येतो, डबीने नव्हे.

तिसरा वर्ग सर्वभक्षकांचा. काळुंदर व चिलापी यांत मोडतात. काळुंदराची गंमत अशी की त्याचे ताट वयाप्रमाणे बदलते. पिलू असताना तो पाण्यातील सूक्ष्म जीव व अळ्या खातो. मोठा झाल्यावर मुख्यतः शेवाळ, पाणवनस्पती व तळाचा कुजका पाला यांवर राहतो.

एकाच डबीने का भागत नाही?

चांगल्या गोळ्या वाईट नव्हेत. त्या रोजच्या भाकरीसारख्या आहेत. पण नुसत्या भाकरीवर लेकरू वाढवावे, असे कोणती माउली म्हणेल?

जीवनसत्त्व 'क' चेच पाहा. माणसाप्रमाणेच बहुतेक माशांना ते आपल्या शरीरात तयार करता येत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास वाढत्या माशाचा कणा वाकतो व जखमा भरून येत नाहीत. गोळ्यांत ते घातलेले असते खरे. परंतु डबी उघडली, दमट हवा लागली, महिने उलटले, की ते नाहीसे होत जाते. आपल्याकडील पावसाळ्यात तर गोळ्यांना बुरशीही धरते आणि बुरशीचे विष माशाच्या यकृतावर घाला घालते. म्हणून मोठी डबी स्वस्त पडते या हिशेबाने घेऊ नये. दोन महिन्यांत संपेल एवढीच घ्यावी, झाकण घट्ट लावावे व कोरड्या जागी ठेवावी.

रंगाचेही तसेच आहे. तांबडा व पिवळा रंग देणारी द्रव्ये मासा स्वतः बनवू शकत नाही. ती कोळंबीच्या सालीतून, शेवाळातून, हिरव्या पाल्यातून त्याच्या अंगी येतात. रंग उतरलेला मासा पुष्कळदा हेच सांगत असतो की, माझ्या ताटात उणे आहे.

ऑस्करच्या कपाळावर जे खड्डे पडतात, त्यांच्याशी निकृष्ट पाणी, सूक्ष्म परजीवी आणि जीवनसत्त्वांची उणीव या तिन्हींचा संबंध जोडला जातो. आणखी एक वाईट चाल पडली आहे. ऑस्करपुढे जिवंत गोल्डफिश टाकून शिकारीची मौज पाहावयाची. या मौजेत रोग घरात येतो, आणि गोल्डफिशच्या शरीरात जीवनसत्त्व 'ब-१' नष्ट करणारे द्रव्य असल्यामुळे खाणारा मासाही कालांतराने खंगतो. मुलांच्या मनावर होणारा परिणाम तर वेगळाच.

शिवारातले व स्वयंपाकघरातले अन्न

विविध आहार म्हणजे महागडा आहार, असा गैरसमज नसावा. खेड्यातील घराला तो शहरापेक्षा सोपा आहे.

वाटाणे उकडावेत, साल काढावी व दाणा चुरडून द्यावा. पालकाची पाने उकळत्या पाण्यातून काढून बारीक चिरावीत. काकडीची चकती दोऱ्याने बांधून पाण्यात सोडावी. मलावी मासे ती कुरतडत बसतात. पिवळाधमक भोपळा वाफवून देता येतो. या कशातही मीठ, तेल वा फोडणी नसावी.

मांसाहारासाठी घरी कोळंबी आणली असेल तेव्हा चारदोन सोलून, धुऊन, बारीक चिरून बाजूला ठेवावीत. बाजारातला सुका जवळा मीठ न लावलेला असेल तर तो भिजवून चालतो. शेणखताच्या खड्ड्यातली गांडुळे धुऊन, स्वच्छ ओल्या मातीत एक दिवस ठेवून, मग द्यावीत. स्वच्छ पाण्याच्या हौदात ज्या बारीक पाणपिसवा उड्या मारताना दिसतात, त्या कापडी जाळीने गाळून घेतल्या तर एंजलच्या पिलांना याहून चांगले अन्न नाही. पावसाळ्यात बादलीत झालेल्या डासांच्या अळ्याही मासे चवीने खातात. मात्र त्या त्याच दिवशी संपवाव्यात आणि बादली उपडी करावी. नाहीतर माशांचे पोषण करता करता घरात डेंग्यूला आमंत्रण जावयाचे.

येथे दोन इशारे आवश्यक आहेत. ज्या वाफ्यात नुकतेच कीटकनाशक फवारले आहे तेथील पाणी वा अळ्या घरात आणू नयेत. आणि शहराचे सांडपाणी वाहणाऱ्या नाल्यांतून लाल कृमींचे पुंजके कोणी विकावयास आणले, तर त्यांपासून दूर राहावे. त्यांच्याबरोबर रोगजंतूही येतात. गाईबैलाच्या व शेळीच्या मांसातील चरबी माशांना नीट पचत नाही, तीही टाळावी.

ज्यांना एकदाच तयारी करून ठेवावयाची आहे, त्यांनी वाटाणे, पालक व कोळंबी एकत्र वाटावी आणि चायना ग्रासच्या कोमट पाण्यात कालवून ताटात थापावी. घट्ट झाल्यावर तिच्या लहान लहान वड्या पाडून बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. शेवाळखाऊंसाठी तीन वाटे हिरवे व एक वाटा कोळंबी, ऑस्करसारख्यांसाठी उलट. गोळ्या घेताना डबीवरील प्रथिनांचे प्रमाण वाचावे. पहिल्या वर्गास साधारण ३० ते ३५ टक्के पुरते. दुसऱ्यास ४० ते ४५ टक्के.

शुक्रवारचा उपवास

काय द्यावे याइतकेच किती द्यावे हेही महत्त्वाचे. उपासमारीने मरणाऱ्या माशांपेक्षा अतिखाण्याने मरणारे अधिक. दोन मिनिटांत फस्त होईल एवढेच एका वेळी टाकावे, दिवसातून दोनदा. उरलेले अन्न तळाशी कुजते, त्यातून अमोनिया सुटतो आणि मासा स्वतःच्याच ताटाच्या विषाने गुदमरतो. आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदलावे.

आठवड्यातून एक दिवस मोठ्या माशांना काहीच देऊ नये. त्यांच्या पोटाला विसावा मिळतो. ख्रिस्ती घरात यासाठी शुक्रवार निवडला तर मुलांच्या सहज लक्षात राहील. सोमवार व गुरुवार गोळ्यांचा, मंगळवार भाजीचा, बुधवार कोळंबीचा वा गांडुळाचा, शनिवार वाटलेल्या वडीचा, आणि रविवारी मिस्साहून परतल्यावर मुलांनी शोधून आणलेल्या पाणपिसवांचा, असा वार लावून भिंतीवर कागद चिकटवावा. शेवाळखाऊ मासे असतील त्या घरी बुधवार व रविवारीही भाजीच चालू ठेवावी. घरातील एकाच मुलाकडे हे काम सोपवावे; नाहीतर तिघे तीनदा खाऊ घालतात आणि प्रत्येकाला वाटते, बिचारा उपाशीच आहे.

आईबापांचा घास

या कुळाचा आणखी एक गुण सांगितल्यावाचून लेखणी खाली ठेववत नाही. चिलापीची मादी अंडी घालताच ती तोंडात घेते आणि पिले बाहेर पडून पोहू लागेपर्यंत ती तोंडातच सांभाळते. त्या दिवसांत ती जवळजवळ काही खात नाही. काळुंदराचा एक छोटा, नारिंगी रंगाचा भाऊबंद दक्षिण भारताच्या खाड्यांत व श्रीलंकेत आढळतो. त्याची पिले आईबापांच्या अंगाला चाटून जातात आणि त्यांच्या कातडीवरचा चिकट स्राव खातात. अमेझॉन नदीतील डिस्कस मासाही पिलांना असेच आपल्या अंगावर पोसतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास हे आईबाप पिलांपासून हळूहळू दूर पोहू लागतात. बाळाला अंगावरचे दूध सोडवून मऊ भात भरविणाऱ्या आईला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पेटीत मादीने तोंड मिटून खाणे सोडले, तर तिला आजारी समजून अन्नाचा मारा करू नये. तिला एकांत द्यावा.

कोणी म्हणेल, माणसांना पोटभर मिळत नसताना माशांच्या ताटाची एवढी चर्चा कशाला? प्रश्न योग्य आहे. १९९२ साली प्रसृत झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, २४१८ व्या परिच्छेदात, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तो सांगतो. आणि गरिबाच्या दुःखनिवारणार्थ जो पैसा आधी जावयास हवा तो प्राण्यांवर उधळणे हेही अयोग्य, असे त्याच ठिकाणी बजावतो. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात त्यांतील पहिल्या शिकवणीची पुन्हा आठवण करून दिली. म्हणून, वाचकबंधुभगिनींनो, परदेशी डब्यांचा हव्यास नको आणि हेळसांडही नको. ज्याला वेळ वा जागा नाही त्याने मासे आणूच नयेत. त्यातही दया आहे.

ओढ्यातील मासा आपले ताट आपण निवडतो. पेटीतील माशाचे ते स्वातंत्र्य आपण काचेआड ठेवले आहे; तेव्हा निवडण्याचे कष्टही आपल्यावर आले. मूठभर वाटाणे, चार कोळंब्या, पालकाची एक काडी आणि थोडे लक्ष, एवढ्याने ते फिटतात. जे मूल रोज सकाळी थांबून माशाने काय खाल्ले, काय टाकले, हे पाहावयास शिकते, ते उद्या घरातील म्हाताऱ्या आजीच्या ताटाकडेही तसेच पाहील.